पारलिंगी व्यक्तींचे बालपणीचे खेळ आणि लिंगभावाची जाणीव

पारलिंगी व्यक्तींचे बालपणीचे खेळ आणि लिंगभावाची प्रारंभिक जाणीव हा बालमानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि लिंगभाव अभ्यास या तिन्ही शाखांशी संबंधित विषय आहे. जन्माच्या वेळी नोंदवले गेलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ बसत नाही, अशा व्यक्तीस पारलिंगी म्हणतात. अनेक पारलिंगी व्यक्तींनी आपल्या आत्मकथनांत या विसंगतीची पहिली खूण म्हणून बालपणीच्या खेळांचा उल्लेख केला आहे. भातुकलीत घेतलेली भूमिका, निवडलेले सवंगडी, अंगावर ओढलेली साडी किंवा नाकारलेला परकर या गोष्टी त्यांत वारंवार येतात. मात्र केवळ खेळाच्या आवडीवरून कोणत्याही मुलाची लिंगभाव ओळख ठरवता येत नाही, असे आधुनिक संशोधन सांगते.

## संज्ञा

'लिंग' या मराठी शब्दाने शारीरिक लिंग, व्याकरणातील लिंग आणि सामाजिक लिंगभाव असे तिन्ही अर्थ व्यक्त होत असल्याने या विषयात गोंधळ होण्याचा संभव असतो. अभ्यासात पुढील भेद केला जातो.

* शारीरिक लिंग : जननेंद्रिये, संप्रेरके व गुणसूत्रे यांवरून ठरणारे लिंग.
* लिंगभाव ओळख : आपण मुलगा आहोत, मुलगी आहोत, की या दोहोंपलीकडचे आहोत, ही स्वतःची आंतरिक जाणीव. ही संज्ञा मानसशास्त्रात १९६० च्या दशकात अमेरिकन मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलर यांच्या लेखनामुळे रूढ झाली.
* लिंगभाव भूमिका : पोशाख, काम, बोलणे, खेळ अशा बाबतींत समाजाने स्त्री व पुरुष यांना वाटून दिलेले वर्तन.
* लैंगिक कल : कोणाविषयी आकर्षण वाटते ती बाब. लिंगभाव ओळख ही याहून वेगळी आहे.

मराठीत 'तृतीयपंथी' हा शब्द अधिक प्रचलित आहे. 'हिजडा' ही गुरू-शिष्य परंपरा असलेल्या समुदायाची संज्ञा आहे. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्या समुदायात असतेच असे नाही. जन्मतः शारीरिक लिंगलक्षणे संमिश्र असणाऱ्या व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात. तो शरीराशी संबंधित वेगळा वर्ग आहे. 'बायल्या', 'बायक्या' हे शब्द हिणवण्यासाठी वापरले जातात.

## जाणिवेचा सर्वसाधारण विकास

सर्वच मुलांमध्ये लिंगभावाची जाणीव टप्प्याटप्प्याने आकार घेते. साधारणपणे दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान मूल स्वतःला व इतरांना मुलगा किंवा मुलगी असे संबोधू लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार या नामकरणानंतर लिंगभाव काळानुसार बदलत नाही अशी समज येते. पोशाख किंवा खेळ बदलल्याने लिंग बदलत नाही, ही समज सुमारे सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होते. सँड्रा बेम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मूल आपल्या समाजातील स्त्री-पुरुषविषयक कल्पनांची एक चौकट मनात तयार करते आणि स्वतःचे वर्तन त्या चौकटीशी ताडून पाहू लागते.

तीन वर्षांच्या सुमारास मुले समलिंगी सवंगडी निवडू लागतात. शाळेच्या वयात मुलग्यांचे व मुलींचे गट स्पष्टपणे वेगळे होतात. ज्या मुलाची आंतरिक जाणीव नोंदलेल्या लिंगाहून वेगळी असते, त्याला याच वयात आपण चुकीच्या गटात उभे असल्याचे जाणवू लागते. त्याच्याजवळ त्यासाठी शब्द नसतात. त्यामुळे ती जाणीव बोलण्याआधी खेळातून प्रकट होते.

सर्वच पारलिंगी व्यक्तींचा अनुभव मात्र असा नसतो. काहींना ही जाणीव वयात येताना होते, तर काहींना प्रौढपणी होते. बालपणी तशी खूण दिसली नाही म्हणून प्रौढ व्यक्तीची ओळख खोटी ठरत नाही.

## मराठी मुलखातील बालखेळ

### मुलांचे आणि मुलींचे खेळ

पारंपरिक मराठी बालखेळांत लिंगभेद ठळक असतो. विटीदांडू, गोट्या, भोवरा, सूरपारंब्या, आट्यापाट्या आणि हुतूतू हे मुलग्यांचे खेळ मानले गेले. भातुकली, बाहुला-बाहुलीचे लग्न, सागरगोटे, बिट्ट्या, काचापाणी आणि फुगडी हे मुलींचे मानले गेले. लपंडाव, लगोरी, शिवाशिवी असे काही खेळ दोघांनाही मोकळे राहिले.

मराठवाड्यात नागपंचमीचा सण मुली व सासुरवाशिणींचा असतो. झाडाला झोके बांधले जातात, फेर धरला जातो, फुगड्या रंगतात. पोळ्याच्या सुमारास मुलगे मातीचे बैल करून खेळतात. लातूर जिल्ह्यातील औसा व त्याच्या परिसरातील शेतीप्रधान गावांत मुलांचे वर्ष अशाच सणवारांनी आखलेले असते. त्यामुळे कोणते मूल कोणत्या घोळक्यात आहे, हे घरातल्या माणसांइतकेच गल्लीलाही दिसते. फुगडीत उतरणाऱ्या मुलग्याला किंवा विटीदांडूत रमणाऱ्या मुलीला यमक जुळवून चिडवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. अशी चिडवणी हा बहुधा मुलाला समाजाकडून मिळणारा लिंगभावाचा पहिला धडा असतो.

मुलग्याने मुलींचे खेळ खेळणे आणि मुलीने मुलग्यांचे खेळ खेळणे यांकडे समाज समान दृष्टीने पाहत नाही. धीट, मैदानी मुलीचे बालपणी कौतुकही होते. परंतु वयात आल्यावर तिचे बाहेरचे खेळणे बंद करण्याची रीत ग्रामीण भागात दीर्घकाळ राहिली आहे. परिणामी, ज्यांची ओळख पुढे पुरुष म्हणून स्पष्ट होते अशा पारलिंगी व्यक्तींच्या बालपणीच्या खुणा घरच्यांच्या ध्यानात कमी येतात आणि त्यांच्यावरील बंधने एकदम, ऋतुप्राप्तीच्या सुमारास येतात. मुलग्याच्या बाबतीत चिडवणे व मारहाण बरीच आधी सुरू होते.

### समाजमान्य वेषांतर

मराठी समाजात वेषांतराला काही ठिकाणी मान्यता आहे. जावळ काढण्यापूर्वी लहान मुलग्याच्या केसांची वेणी घालून त्याला झबले-फ्रॉक किंवा परकर-पोलके नेसवण्याची हौस अनेक घरांत केली जाते. नवसाने झालेल्या मुलग्यास दृष्ट लागू नये म्हणून त्याचे नाक टोचण्याचीही प्रथा होती. भारुडात पुरुष लुगडे नेसून सोंग आणतात. पैठणच्या संत एकनाथांच्या अनेक गौळणी व भारुडे स्त्रीच्या तोंडी रचलेली आहेत. तमाशातील नाच्या आणि संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट हे याच परंपरेतील होत.

या वेषांतराचा निर्णय मोठ्यांचा असतो किंवा त्याला सोंगाची चौकट असते. त्यावरून त्या व्यक्तीच्या लिंगभावाविषयी काहीही सिद्ध होत नाही. तथापि ज्या मुलाच्या वेणीचे तीन वर्षांपर्यंत कौतुक झाले, त्यानेच सातव्या वर्षी आपणहून बहिणीची ओढणी घेतली की त्याला मार बसतो. आक्षेप पोशाखावर नसतो, मुलाने तो स्वतःच्या इच्छेने निवडण्यावर असतो.

### धार्मिक अर्थ

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला जोगत्ये सोडण्याची प्रथा होती. मुलग्याचे बायकी वागणे किंवा केसांत निघालेली जट हा देवीचा कौल समजून त्याला लुगडे नेसवले जाई. या प्रथेमुळे अशा मुलाला समाजात एक स्थान मिळे, पण शिक्षण, घर व स्वतःच्या आयुष्याची निवड तो गमावून बसे. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीत जोगत्याच्या जीवनाचे चित्रण आहे. त्यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आधारलेला 'जोगवा' हा मराठी चित्रपट २००९ मध्ये आला.

### क्रियापदातील लिंग

मराठी भाषेत प्रथमपुरुषी क्रियापदावरून बोलणाऱ्याचे लिंग कळते. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतून मूल प्रत्येक वाक्यागणिक स्वतःला एका गटात ठेवत असते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला 'मी' म्हणताना हा प्रश्न पडत नाही, मराठी मुलाला तो बोलायला लागल्यापासून पडतो. मुलगा मानल्या गेलेल्या मुलाने आग्रहाने 'मी आले', 'मी खाल्ले नाही, मी रुसले' असे बोलत राहणे ही लिंगभावाच्या जाणिवेची खूण असू शकते.

या खुणेलाही मर्यादा आहेत. आई व बहिणींच्या सहवासात वाढणारी लहान मुले त्यांच्या बोलण्याचे अनुकरण करतात. कोल्हापूर-सांगलीकडील बोलीत स्त्रिया 'मी आलो' असे म्हणतात. मुलींना लाडाने 'अरे', 'आलास का' असे पुल्लिंगी संबोधन करण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. म्हणून एखाद्या रूपापेक्षा त्यामागचा सातत्यपूर्ण आग्रह महत्त्वाचा ठरतो.

## आत्मकथनांतील बालपण

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले आहे. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी यांना बालपणापासून नृत्याची ओढ होती. या आवडीपायी झालेली चेष्टा आणि लहान वयात झालेले लैंगिक अत्याचार यांविषयी त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे. पुढे हिजडा समुदायात प्रवेश केल्यानंतरही त्यांचे आईवडिलांशी नाते तुटले नाही.

गौरी सावंत यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे वडील पोलीस अधिकारी होते. किशोरवयात घर सोडून त्या मुंबईस आल्या व पुढे त्यांनी 'सखी चार चौघी' या संस्थेचे काम उभारले. त्यांच्या जीवनावर आधारित 'ताली' ही मालिका २०२३ मध्ये प्रदर्शित झाली. मोठेपणी आई व्हायचे आहे असे वर्गात सांगणारा शाळकरी गणेश त्यात दाखवला आहे. गौरी सावंत यांनी पुढे एका अनाथ मुलीचा सांभाळ केला.

मराठीबाहेरील भारतीय आत्मकथनांतही असेच अनुभव आढळतात. तमिळनाडूतील ए. रेवती यांच्या २०१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मुलींबरोबर खेळणे, अंगण झाडणे व रांगोळी काढणे यांची आवड आणि त्यापायी शाळेत झालेली हेटाळणी येते. लिव्हिंग स्माईल विद्या यांच्या आत्मकथनात दार लावून बहिणीचा पोशाख घालून केलेल्या नाचाचा प्रसंग आहे. ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात, वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी आईच्या पियानोखाली बसलेले असताना आपण चुकीच्या देहात जन्मलो असल्याची जाणीव झाल्याचे नमूद केले आहे.

या कथनांत लपून खेळणे हा समान धागा आहे. आपला खेळ मोठ्यांना दिसता कामा नये हे मुलाला फार लवकर कळते. आत्मकथने प्रौढपणी लिहिली जात असल्याने त्यांतील आठवणींची निवड पुढील आयुष्याच्या प्रकाशात झालेली असते, ही मर्यादाही अभ्यासक लक्षात घेतात.

## संशोधन

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड ग्रीन यांनी मुलींचे खेळ व पोशाख आवडणाऱ्या ६६ मुलग्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठेपणी पुन्हा भेटलेल्या ४४ जणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश समलिंगी किंवा उभयलिंगी कल असलेले निघाले, तर लिंगबदलाचा विचार करणारा केवळ एक होता.

जन्मजात अधिवृक्क ग्रंथीच्या विकारामुळे गर्भावस्थेत पुरुष संप्रेरकांचा अधिक प्रभाव झालेल्या मुलींचा अभ्यास शेरी बेरेनबॉम व मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलींना मुलग्यांची समजली जाणारी खेळणी अधिक आवडत असल्याचे त्यात दिसले. तरीही असा विकार असलेल्या बहुसंख्य मुली स्वतःला मुलगीच मानतात. खेळाची आवड आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे यावरून स्पष्ट होते.

वॉशिंग्टन विद्यापीठातील क्रिस्टिना ओल्सन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात ज्या मुलांच्या कुटुंबांनी त्यांची ओळख मान्य केली होती अशा मुलांचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये तीन ते बारा वर्षांच्या ३१७ पारलिंगी मुलांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेळणी, पोशाख व सवंगडी यांच्या निवडीत ही मुले आपल्या जाणवलेल्या लिंगाच्या इतर मुलांसारखीच होती. जन्मलिंगानुसार किती वर्षे वाढवले गेले याने त्यात फारसा फरक पडला नव्हता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात, ओळख बदलून सरासरी पाच वर्षे लोटल्यानंतर यांपैकी सुमारे ९४ टक्के मुलांची पारलिंगी ओळख टिकून होती.

ग्रीन व ओल्सन यांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांनी निवडलेली मुले वेगळी होती. ग्रीन यांनी वर्तनावरून मुले निवडली. ओल्सन यांच्या अभ्यासातील मुले आपण कोण आहोत हे स्वतः सांगत होती आणि त्याप्रमाणे जगत होती.

## वैद्यकीय निकष

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत बालकांसाठी आठ निकष दिले आहेत. त्यांपैकी किमान सहा निकष सहा महिने आढळावे लागतात आणि त्यासोबत लक्षणीय मानसिक क्लेश किंवा दैनंदिन व्यवहारात अडथळा असावा लागतो. कल्पनाखेळातील भूमिका, खेळणी, सवंगडी आणि पोशाख यांवर त्यांतील अनेक निकष आधारलेले आहेत. तथापि आपण दुसऱ्या लिंगाचे आहोत असा आग्रह किंवा तशी तीव्र इच्छा हा निकष या आवृत्तीपासून अनिवार्य झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. बालपणातील लिंगभाव विसंगतीसाठी तिने सुमारे दोन वर्षांचे सातत्य आवश्यक मानले असून, केवळ वेगळे वर्तन व आवडीनिवडी यांवरून निदान करू नये असे स्पष्ट केले आहे.

पौगंडावस्थेपूर्वी संप्रेरके किंवा शस्त्रक्रिया दिली जात नाही. या वयात ऐकून घेणे, त्रासापासून संरक्षण आणि कुटुंबाचे समुपदेशन एवढेच साहाय्य अपेक्षित असते.

## वर्तन बदलण्याचे प्रयत्न

१९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात मुलग्यांची खेळणी निवडल्यास बक्षीस आणि मुलींची निवडल्यास दुर्लक्ष वा शिक्षा, अशा पद्धतीने लहान मुलांवर उपचार केले गेले. हे उपचार पुढे हानिकारक ठरवले गेले. भारतात मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा परिवर्तन उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मारहाण, अंगारा-धुपारा, कोंडून ठेवणे किंवा 'लग्न केले की सुधारेल' ही समजूत हे याच विचाराचे घरगुती प्रकार होत. या उपायांनी मूल खेळ लपवायला शिकते, त्याची जाणीव बदलत नाही.

## शाळा आणि कुटुंब

शाळेत रांग, बाक, गणवेश, प्रसाधनगृह आणि खेळाचा तास यांची विभागणी मुलगे व मुली अशीच असते. वेगळ्या जाणिवेच्या मुलाला यांपैकी प्रत्येक ठिकाणी रोज निवड करावी लागते. चेष्टेमुळे प्रसाधनगृहाचा वापर टाळणे, खेळाच्या तासाला वर्गातच बसून राहणे आणि अखेरीस शाळा सोडणे हा क्रम अनेक आत्मकथनांत आढळतो.

अशी मुले लैंगिक शोषणाला लवकर बळी पडू शकतात. तक्रार केल्यास 'तुझ्याच वागण्यामुळे' असे ऐकावे लागेल या भीतीने ती गप्प राहतात. २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस, लिंगाचा भेद न करता, लागू होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतल्यानंतर ती संकेतस्थळावरून काढण्यात आली.

औशासारख्या तालुक्याच्या गावी या विषयातील तज्ज्ञ सहज उपलब्ध नसतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी लातूर गाठावे लागते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी शासकीय रुग्णालयांत 'मैत्री' समुपदेशन केंद्रांची योजना आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हे विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत.

## कायदा आणि गणना

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या खटल्यात लिंगभाव ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. न्या. के. एस. राधाकृष्णन यांनी निकालपत्रात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे निवेदन उद्धृत केले असून त्यात बालपणी इतर मुलग्यांहून वेगळे वाटणे व त्यामुळे सोसावा लागलेला छळ यांचा उल्लेख आहे. अन्य एका निवेदनात लहानपणी विभूती-कुंकू लावून नटण्याची आवड नोंदवली आहे. बालपणीच्या आठवणींना न्यायालयीन निर्णयात स्थान मिळाल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

१० जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ मध्ये शासनमान्य शिक्षणसंस्थांनी पारलिंगी विद्यार्थ्यांना भेदभावाविना समावेशक शिक्षण तसेच क्रीडा, मनोरंजन व विरंगुळ्याची संधी द्यावी अशी तरतूद करण्यात आली. केवळ पारलिंगी असल्याच्या कारणावरून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येणार नाही असेही त्यात नमूद करण्यात आले.

२०११ च्या जनगणनेत भारतात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद 'इतर' या लिंगवर्गात झाली. त्यांपैकी ५४,८५४ शून्य ते सहा वयोगटातील होत्या. महाराष्ट्रातील एकूण संख्या ४०,८९१ होती. लहान मुलांची माहिती कुटुंबप्रमुख देत असल्याने बालकांचा आकडा मुलांच्या स्वतःच्या जाणिवेचा निदर्शक मानता येत नाही.

## मतभेद

बालवयात नाव, पोशाख व संबोधन बदलण्यास कितपत पाठिंबा द्यावा याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते अशा मान्यतेमुळे मुलाचा मानसिक ताण कमी होतो. इतरांच्या मते वाट पाहणे इष्ट असते, कारण मुलाची जाणीव पुढे बदलू शकते. पौगंडावस्था लांबवणाऱ्या औषधांविषयीचा पुरावा दुर्बळ असल्याचे मत ब्रिटनमधील हिलरी कॅस यांच्या समितीने एप्रिल २०२४ च्या अहवालात नोंदवले. त्यावरही अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. मुलाला त्याच्या खेळावरून लज्जित करू नये, याविषयी मात्र दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांत सामान्यतः सहमती दिसते. बाहुली आवडणारा मुलगा पुढे पारलिंगी असेल, समलिंगी असेल किंवा यांपैकी काहीही नसेल. तिन्ही शक्यतांत त्याला निर्भयपणे खेळू देणे हितकारक ठरते.

## हे सुद्धा पहा

* लिंगभाव
* तृतीयपंथी
* आंतरलिंगी
* भातुकली
* लक्ष्मीनारायण त्रिपाठी
* गौरी सावंत